काल रात्री कुठे झोपलात? कोकणात बेघरांची मोजणी करायची असेल तर

कोकणात बेघर असतात का हो, हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारलाय लोकांनी की आता मी उत्तर देत नाही, सरळ रात्री साडेअकराला एसटी स्टँडवर घेऊन जातो. आपल्याकडे उलटंच दिसतं ना, घरं भरपूर आणि माणसं नाहीत, वाडीत दहातली सहा घरं कुलपात, चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येऊन झाडलोट करून जाणार. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली, त्यामुळे "इथे कोण बेघर" असं वाटणं साहजिक आहे. पण त्याच कुलूपबंद घराच्या पडवीत कोणीतरी झोपतंय, आणि ते कोण हे त्या घराच्या मालकालाही माहीत नसतं.

आम्ही काही जणांनी मिळून अशी मोजणी केली, चुकत माकत केली, आणि आता बरेच जण विचारतात की आमच्या तालुक्यात करायचीय तर कुठून सुरुवात करू, म्हणून एकदाच सविस्तर लिहून ठेवतोय.

पहिली गोष्ट, रात्री बाहेर पडायच्या आधी बेघर म्हणजे कोण हे कागदावर लिहा. हसू नका, सगळा आकडा इथेच ठरतो. आपल्या जनगणनेत बेघर कुटुंब म्हणजे जे इमारतीत किंवा घरात राहत नाही, उघड्यावर राहतं, रस्त्याकडेला, फुटपाथवर, मोठ्या पाईपात, उड्डाणपुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या आवारात, मंडपात, रेल्वे प्लॅटफॉर्मवर. या व्याख्येने २०११ ला देशात १७.७३ लाख बेघर निघाले, महाराष्ट्रात २ लाख १० हजारांच्या वर, उत्तर प्रदेशानंतर आपलाच नंबर. केंद्राची शहरी बेघरांसाठीची निवारा योजना आली तिने व्याख्या थोडी ताणली, बांधकामाच्या साईटवर झोपणारे, दुकानं-कारखान्यांच्या बाहेर झोपणारे हेही धरले. आणि बाहेरच्या देशात बघाल तर ऑस्ट्रेलियाच्या २०२१ च्या जनगणनेत १,२२,४९४ बेघर, त्यातले तंबूत किंवा उघड्यावर झोपणारे साडेसात हजारांच्या आसपास, बाकीचे सगळे निवाऱ्यात, दुसऱ्याच्या घरी तात्पुरते किंवा एका खोलीत दाटीवाटीने राहणारे. आता ही व्याख्या भारतात लावली तर किती कोटींवर जाईल कल्पना करा. म्हणून "त्यांच्याकडे इतके, आपल्याकडे तितके" असं कोणी सांगितलं की आधी विचारायचं, मोजलं कोणाला?

आम्ही काय केलं, चार गट पाडले आणि प्रत्येकाला अक्षर दिलं. क म्हणजे उघड्यावर, अगदी जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे, शब्दही तेच. ख म्हणजे कामाच्या जागीच राहणारे पण ज्याला घर म्हणता येणार नाही असं, बोटीवरचा खलाशी, आंब्याच्या बागेतल्या मांगरात किंवा प्लास्टिकच्या खोपटात राहणारं राखणदाराचं कुटुंब, चिरेखाणीवरचे (जांभा दगडाच्या खाणी), वीटभट्टीवरचे. ग म्हणजे दुसऱ्याच्या पडवीत, गोठ्याशेजारी, ओळखीवर दिवस काढणारे. घ म्हणजे दरड, पूर, समुद्राचं उधाण यात घर गेलेले आणि अजून शाळेत, कंटेनरमध्ये, शेडमध्ये असलेले. २२ जुलै २०२१ ला महाडजवळ तळिये आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडी, दोन्हीकडची दरडीतून वाचलेली माणसं कित्येक महिने कंटेनरमध्ये राहिली, आणि कंटेनरला दार आहे छप्पर आहे म्हटल्यावर ती क मध्ये येतच नाहीत. घर गेलेलं माणूस बेघरांच्या आकड्यात नाही, असा हा प्रकार.

महत्त्वाचं म्हणजे हे चार आकडे कधीही एकत्र करून सांगायचे नाहीत. क वेगळा ठेवला तरच तो जनगणनेशी आणि दुसऱ्या जिल्ह्यांशी जुळवता येतो. तुम्ही तुमच्या मनाची व्याख्या केली, शेजारच्या तालुक्याने तिसरीच केली, तर राज्याचं देशाचं चित्र कधी उभंच राहणार नाही, नुसते सुटे आकडे आणि प्रत्येकाचा आपला आपला. आणि सगळं मिसळून मोठा आकडा पेपरात दिला की दोन दिवस बातमी होते, तिसऱ्या दिवशी कोणीतरी अधिकारी खलाशी बेघर कसा असं विचारून अख्खं काम मोडीत काढतो. अनुभवाचे बोल आहेत.

आता दुसरा मुद्दा, आणि माझ्या मते कोकणात हाच सगळ्यात मोठा, मोजायचं कधी.

जनगणनेत बेघरांची मोजणी एकाच रात्री होते, २०११ ला २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली कारण संदर्भ क्षण, म्हणजे ज्या क्षणाची लोकसंख्या धरतात तो, १ मार्चचे ००:०० तास होता. येणारी जनगणना पण १ मार्च २०२७ लाच धरलीय, बर्फाळ भाग सोडून. मग फेब्रुवारी अखेरीस कोकणात काय चालू असतं ते बघा. हापूस झाडावर असतो, त्यामुळे बागाबागांत नेपाळी राखणदार बायकापोरांसकट मुक्कामाला. बोटी दर्यात. चिरेखाणी जोरात, कर्नाटकातून आलेली कुटुंबं खाणीच्या कडेला. रायगडातल्या कातकरी आदिवासींच्या वाड्या अर्ध्या रिकाम्या, कारण दिवाळीनंतर लोक वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर गेलेले, काही जिल्ह्याबाहेर, काही राज्याबाहेर. म्हणजे त्या रात्री कातकरी कुटुंब गावातल्या यादीत "घर बंद" आणि भट्टीवर कच्च्या विटा रचून केलेल्या झोपड्यात, तिथे मोजणारा पोचला तर पोचला.

आणि जूनला सगळं पालटतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, नेपाळी खलाशी गावी, आंबा संपला, खाण पाण्याने भरली, भट्टी थंड. मग जुलैच्या मध्यावर भर पावसात रात्री स्टँडवर, सिव्हिल हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, मच्छी मार्केटच्या ओट्यावर जो सापडतो तो कोण? ज्याला परत जायला गावच नाही तो. आम्हाला हे पहिल्या वर्षी कळलंच नव्हतं, आम्ही आपले फेब्रुवारीत मोजून मोकळे. दुसऱ्या वेळी मुद्दाम जुलैत गेलो. पावसात मोजणी सोपी होते हे पण तेव्हा कळलं, कोरड्या जागा मोजक्याच असतात ना, उन्हाळ्यात माणूस कुठेही पसरतो, पावसात सगळे त्याच दहा-बारा छपरांखाली.

म्हणून माझा सल्ला, वर्षातून तीन वेळा. एक २८ फेब्रुवारीला, जनगणनेशी जुळावं म्हणून. एक जुलैच्या दुसऱ्या तिसऱ्या आठवड्यात. एक दिवाळी होऊन पंधरा-वीस दिवसांनी, स्थलांतर सुरू झालं की. फेब्रुवारी आणि जुलै यातला फरक म्हणजे ढोबळमानाने हंगामी माणसं, आणि जुलैचा आकडा म्हणजे बारमाही. दोघांची गरज वेगळी, एकाला कामाच्या जागी धड खोली, पाणी, रेशन पाहिजे, दुसऱ्याला निवारा पाहिजे आणि बरेचदा डॉक्टर पाहिजे. तिन्ही वेळा जमत नसेल तर जुलै सोडू नका.

जत्रेच्या रात्री मात्र चुकूनही मोजू नका. आंगणेवाडीची जत्रा, कुणकेश्वरची महाशिवरात्र, गणपतीच्या आधीचे चार दिवस, शिमगा. त्या रात्री अर्धी मुंबई आपल्या स्टँडवर झोपलेली असते.

जागांचा नकाशा. हे काम दिवसा करायचं, मोजणीच्या आधी निदान पंधरा दिवस, आणि हे ज्याने नीट केलं त्याची मोजणी निम्मी झाली. विचारायचं कोणाला, तर जो रात्री जागा असतो त्याला. स्टँडवरचा चहावाला, रात्रपाळीचा रिक्षावाला, एटीएमचा वॉचमन, सफाई कामगार (पहाटे पाचला झाडू मारताना कोणाला उठवावं लागतं हे यांच्याइतकं कोणालाच माहीत नसतं), जेट्टीवरचा बर्फवाला, देवळाचा गुरव, सिव्हिलमधल्या मावशी. नगरपरिषदेत विचारलंत तर "आपल्याकडे असं कोणी नाही" हेच उत्तर मिळेल, आम्हाला तर एका ठिकाणी तसं लेखी मिळालं, आणि त्याच इमारतीच्या मागच्या जिन्याखाली एक म्हातारा गेली कित्येक वर्षं झोपत होता.

नकाशात बाया कुठे आहेत हे वेगळं शोधा. पहिल्या रात्रीच्या आमच्या यादीत एकही बाई नव्हती, आम्ही खूश, म्हटलं बरंय इथे बायका बेघर नाहीत. नंतर एका मावशीनेच सांगितलं की सिव्हिलला पेशंटची नातेवाईक म्हणून वॉर्डबाहेर झोपणाऱ्या दोघीतिघी आहेत, ज्यांचा पेशंट कधीच नव्हता. बाई उघड्यावर झोपत नाही, झोपली तरी दिसेल अशी झोपत नाही. रेल्वेच्या लेडीज वेटिंग रूममध्ये, देवळाच्या भक्तनिवासाच्या मागे, कोणाच्या घरी धुणीभांडी करून त्यांच्याच पडवीत. पथकात निदान एक बाई हवीच, आणि तिने एकटीने जाऊन बोलायचं, पुरुषांनी लांब थांबायचं.

परवानग्या घ्या, नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांना पत्र, कलेक्टर ऑफिसला प्रत, स्टेशनसाठी स्टेशन मास्तर. पोलीस ठाण्यात कळवून ठेवा पण पोलीस सोबत नेऊ नका. आपल्याकडे १९५९ चा भिक्षा प्रतिबंधक कायदा अजून आहे, आणि उघड्यावर राहणाऱ्या प्रत्येकाला तो कलमांनी नसला तरी लाठीने माहीत असतो. खाकी दिसली की दहा मिनिटांत स्टँड मोकळा. तसंच बिस्किटं वाटत, फोटो काढत फिरू नका, बातमी पुढे पळते आणि पुढच्या जागी ज्यांना घर आहे तेही रांगेत येऊन बसतात.

रात्रीची वेळ साडेअकरा ते तीन. जेट्टीवर मात्र तीनच्या आत उरका, त्यानंतर मासळीची गडबड सुरू होते मग कोण झोपलेला आणि कोण कामावरचा काही कळत नाही. दोघादोघांची पथकं, प्रत्येकाचा हद्दीचा कागद वेगळा, एक रस्ता दोन पथकांत विभागायचा नाही. आणि काही फसव्या गोष्टी आधीच सांगून ठेवा पोरांना: वस्तीच्या एसटीत झोपलेले ड्रायव्हर-कंडक्टर बेघर नाहीत (आमच्या एका उत्साही पोराने दोघांना उठवून फॉर्म भरायला घेतला होता, काय शिव्या खाल्ल्या ते इथे लिहीत नाही). प्लॅटफॉर्मवर पहाटेच्या गाडीची वाट बघणारे नाहीत, तिथे सरळ "गाडी कुठली" विचारायचं. ट्रकखाली झोपलेला क्लीनर नाही. पण बॅग उशाशी असलेला प्रत्येक जण प्रवासीच असतो असंही नाही, ज्याच्याकडे सगळा संसार एका बॅगेत आहे तोही तसाच दिसतो.

विचारायचं काय? "तुम्ही बेघर आहात का" असं विचारलंत तर कोणीही नाहीच म्हणणार, तुम्ही आम्हीही म्हणालो असतो. प्रश्न एकच, काल रात्री कुठे झोपलात? मालवणाकडे असाल तर "काल राती खंय निजलात?", आपल्या बोलीत विचारलं की माणूस सैल होतो. मग पुढचे: त्याआधी कुठे, किती दिवस झाले, मोठा पाऊस आला की कुठे जाता, गाव कुठलं, तिथे घर आहे का आणि असलं तर जात का नाही. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात हळू विचारायचा. भावाने सातबाऱ्यावरून नाव काढलं, नवरा मारायचा, मुलगा मुंबईला घेऊन गेला आणि परत आणून सोडलं, दारू, दर्याने घर नेलं, डोकं फिरलं म्हणून लोकांनी हाकललं, अशी कारणं येतात आणि ती त्याच्या शब्दात एका ओळीत लिहून घ्या, आधीच छापलेल्या चौकटीत कोंबू नका. चौकटी नंतर घरी बसून करता येतात. कागदपत्रं कुठली आहेत आणि तब्येत कशी हे दोन प्रश्न घाला. बास. दहा मिनिटांच्या वर कोणाला जागं ठेवू नका. झोपलेल्याला उठवायचं नाही, "पाहिला, बोललो नाही" अशी वेगळी खूण करायची, अंदाजे वय आणि जागा लिहायची.

नाव घ्यायचं की नाही यावर आमच्यात बराच वाद झाला. नावं नसतील तर एकच माणूस दोनदा मोजला जातो, साडेअकराला स्टँडवर आणि दीडला मार्केटमध्ये. नावं असतील तर ती यादी उद्या कोणाच्या हातात जाईल सांगता येत नाही, आणि अतिक्रमण हटवायला हीच यादी वापरली गेली तर पुन्हा कोणी तुमच्याशी बोलणार नाही. मग तोडगा काढला, खुणेचा कोड: स्वतःच्या नावाचं पहिलं अक्षर, आईच्या नावाचं पहिलं अक्षर, अंदाजे वय, मूळ जिल्हा. उदाहरणार्थ "र-सु-५५-विजापूर". शंभर-दोनशे बेघर असलेल्या गावात याने दुबार नोंदी व्यवस्थित सापडतात. ज्याला मदत हवीय आणि जो स्वतःहून सांगतो त्याचं नाव वेगळ्या वहीत, ती वही एकाच माणसाकडे, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फोटो बिलकुल नाही.

आता विश्वासार्हता. एका रात्री तुम्ही सगळ्यांना गाठलं असं कधीच होत नाही, मग सुटले किती हे कसं कळणार? दोन रात्री मोजा, मंगळवार आणि गुरुवार असं, आणि कोड जुळवा. समजा पहिल्या रात्री ४० जण, दुसऱ्या रात्री ३६, आणि त्यातले २४ दोन्ही याद्यांत आहेत. तर ४० गुणिले ३६ भागिले २४, म्हणजे ६०. साधारण साठ माणसं असावीत, तुम्ही पहिल्या रात्री दोन तृतीयांशच पकडली. तळ्यातले मासे, जंगलातली जनावरं मोजायला हीच रीत वापरतात. हिशोब बरोबर यायचा तर दोन रात्रींमध्ये माणसं गाव सोडून गेलेली नसावीत, म्हणून मध्ये फार दिवस जाऊ देऊ नका, आणि झोपलेल्यांचे कोड नसतात त्यामुळे त्यांना या गणितात धरायचं नाही, वेगळे दाखवायचे.

दुसरी युक्ती न्यूयॉर्कवाल्यांची. तिथे वार्षिक मोजणीच्या रात्री काही लोक मुद्दाम रस्त्यावर बसवतात, मोजणाऱ्यांना न सांगता, आणि नंतर बघतात की त्यातल्या किती जणांना गाठलं. आम्ही दोघांना चादर देऊन झोपवलं, एक स्टँडवर, एक मार्केटला. मार्केटचा सापडला. स्टँडवरचा पार्सल ऑफिसच्या मागे पहाटेपर्यंत डास मारत बसला, कोणी फिरकलंच नाही! सकाळी पोहे त्याला दोन प्लेट द्यावे लागले, पण त्यामुळे कळलं की आमचं पथक दिव्याच्या उजेडातच फिरत होतं.

गावांचं काय, हा प्रश्न राहतोच. २००१ मध्ये देशात १९.४३ लाख बेघर होते, २०११ ला १७.७३ लाख, म्हणजे कमी झाले असं वाटतं, पण शहरातले ७.७८ लाखांवरून ९.३८ लाख झाले आणि गावातले साडेअकरा लाखांच्या वरून ८.३५ लाखांवर आले. घटले तरी जवळपास निम्मे बेघर गावातच. निवाऱ्याचे सगळे नियम मात्र शहराचे, एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा, माणशी ५० चौरस फूट जागा. २०११ ला रत्नागिरी शहरच ७६ हजारांच्या आसपास होतं, बाकीच्या गावांचं सोडाच. त्यामुळे कोकणात ख गटाची मोजणी ग्रामपंचायतीच्या मदतीनेच करायला लागते: भट्टीमालक, खाणमालक, बागायतदार, तांडेल (बोटीचा प्रमुख) यांची यादी करा आणि तिथे रात्री नाही, दुपारी जेवणाच्या सुट्टीत जा. मालकासमोर कोणी बोलत नाही. पोरं शाळेत जातात का हे अंगणवाडी ताईला विचारा, तिच्याकडे बरेचदा सगळ्यात खरी नोंद असते.

मोजणीच्या रात्री कोणी आजारी, भ्रमिष्ट, एकटं मूल सापडलं तर फॉर्म बाजूला. मुलासाठी १०९८, म्हाताऱ्या माणसासाठी १४५६७, पथकातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीच सेव्ह हवेत. मनोरुग्ण अवस्थेत भटकणाऱ्याला संरक्षणात घेणं हे २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने पोलीस ठाण्याचं कर्तव्य आहे, कलम १००, हे कलम पाठ करून जा कारण ठाण्यात सांगावं लागतं. रत्नागिरीत प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि कर्जतला डॉ. भरत वाटवानींची श्रद्धा संस्था रस्त्यावरच्या मनोरुग्णांना बरं करून घरी पोचवते, त्याच कामासाठी त्यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

आकडे तयार झाले की कुठे द्यायचे. एका पानाचा कागद करा, वर तारीख, हवामान, व्याख्या, किती पथकं, कुठल्या जागा राहिल्या (हे लिहायला लाजू नका), मग क ख ग घ वेगवेगळे, मग बायका किती, मुलं किती, कागदपत्रं नसलेले किती. तो मुख्याधिकारी, जिल्हाधिकारी आणि तालुक्याच्या जनगणना अधिकाऱ्याला पोच घेऊन द्या. जनगणनेच्या प्रगणकांना, म्हणजे आपल्याच शाळेतल्या गुरुजींना, जागांचा नकाशा आयता द्या, २८ फेब्रुवारीच्या रात्री त्यांना कुठे जायचं हे कोणीतरी सांगायला हवंच असतं. नकाशात जागा द्या, माणसांचे कोड देऊ नका.

आणि मतदार यादीचं एक लक्षात ठेवा. बेघर माणसाला पत्त्याचा पुरावा नसला तरी नाव नोंदवता येतं, फॉर्म ६ भरायचा, तो सांगतो त्या जागी बीएलओ, म्हणजे मतदार यादीचं काम बघणारा केंद्रस्तरीय अधिकारी, रात्री येऊन खरंच झोपतो का ते बघून जातो, एकापेक्षा जास्त रात्री. म्हणजे बीएलओ येईल त्या रात्री माणूस जागेवर पाहिजे. पार्सल ऑफिसच्या मागे झोपणाऱ्या एकाला आम्ही तीन दिवस आधीपासून सांगून ठेवलं होतं, तर नेमका त्या रात्री तो लग्नात भांडी घासायला गेलेला. बीएलओ बिचारे परत आले दोन दिवसांनी, तेव्हा तो दाढी करून, धुतलेला शर्ट घालून दहा वाजल्यापासून बसून होता.